घरातले मोहोळ हलवताना या चुका टाळा

भिंतीच्या भेगेतून मधमाश्या ये-जा करताना दिसल्या की आधी सिमेंट आठवते, नाहीतर कीटकनाशकाचा फवारा. दोन्हींत गफलत एकच: लक्ष उडणाऱ्या माश्यांवर असते, आणि माश्यांना तिथे धरून ठेवणारी राणी आणि पिलावा (अंडी, अळ्या) भिंतीच्या आत असतात. पुढच्या बहुतेक चुका याच गैरसमजातून होतात.

भेग बुजवली की माश्या दुसरी वाट शोधतात. अंधारात अडकलेली माशी उजेडाकडे जाते. मग स्विचबोर्डची फट, पंख्याचा हूक, छताचा सांधा, जिथून उजेड दिसेल तिथून त्या खोलीत उतरतात.

फवाऱ्याचे परिणाम जरा उशिरा कळतात. जिवंत वसाहत पंखांनी वारा घालून आणि पाणी आणून पिलाव्याचे तापमान ३४ ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास राखते. माश्या मेल्या की हे काम थांबते. उन्हाने मेण मऊ पडून पोळी खाली बसतात, मध पाझरून भिंतीवर डाग येतात, मेलेला पिलावा कुजतो, मेणकिडा आणि मुंग्या लागतात. शिवाय आजूबाजूच्या वसाहतींतल्या माश्या तो विषारी मध लुटून आपापल्या पेटीत नेतात.

आधी माशी ओळखा

ग्रीलवर किंवा फांदीवर नुसता माश्यांचा घोस लटकलेला आहे, मेणाचे पोळे नाही, तर तो थवा आहे. त्याला हात लावू नका. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत तो उडून जातो. या माश्या पोटभर मध घेऊन निघालेल्या असतात आणि राखायला पिलावा नसतो, म्हणून त्या शांत असतात. त्यांच्यावर पाणी मारणे हा मात्र त्यांना चिडवण्याचा खात्रीचा उपाय.

छज्जाखाली उघड्यावर एकच मोठे पोळे म्हणजे आग्या. ही माशी पेटीत राहत नाही, त्यामुळे तिचे ‘स्थलांतर’ करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ती हंगामी स्थलांतर करणारी आहे. ऋतू पालटला की स्वतः निघून जाते. पोळे रिकामे झाले की मेण खरवडून काढायचे. तोवर थांबणे शक्य नसेल तर हे काम पूर्ण पोशाख आणि अनुभव असलेल्या माणसाचेच. मशाल लावू नये. पंख जळालेल्या माश्या खाली पडून मरतात, आणि उरलेल्या बऱ्याचदा त्याच जागी परततात.

फुलोरीचे तळहाताएवढे पोळे फांदीभोवती असते. संध्याकाळी ती फांदी दोन्ही बाजूंनी कापून, त्याच कोनात, दुसऱ्या झुडपात बांधली की झाले.

अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी लावणाऱ्या सातेरी आणि मेलिफेरा या दोनच पेटीत जातात. यापुढचे सगळे त्यांच्याबद्दल.

भोक आहे तिथेच भिंत फोडणे

प्रवेशाचे भोक आणि पोळी यांत मीटरभर अंतरही असू शकते. रात्री भिंतीला कान लावा आणि बोटाने टकटक करा. जिथे गुणगुण क्षणभर चढते आणि भिंत तळहाताला कोमट लागते, पोळी तिथे. खात्रीसाठी बारीक ड्रिल मारा. टोकाला मेण किंवा मध लागून आला तर जागा बरोबर आहे. फोडण्याआधी त्या भागाचा मेन स्विच बंद करा. आणि शिडीवरून काम असेल तर खाली धरायला दुसरा माणूस, तोही बुरख्यात. चावे सोसले जातात, शिडी सोडून पळालेला मदतनीस महागात पडतो.

रात्रीच्या अंधारात काम उरकणे

रात्री माश्या झोपलेल्या असतात, ही समजूत. प्रत्यक्षात बाहेर गेलेल्या सगळ्या घरी परतलेल्या असतात, आणि अंधारात त्या उडत नाहीत, रांगत बाहीत आणि पायजम्यात शिरतात. पांढरी बॅटरी लावली तर थेट बॅटरीवर येतात (लाल उजेड त्यांना दिसत नाही). भिंत उघडायची वेळ म्हणजे कोरडा, उबदार, वारा नसलेला दिवस, सकाळी दहानंतर. तेव्हा बऱ्याच कामकरी माश्या चाऱ्याला गेलेल्या असतात आणि उघडा पडलेला पिलावा गारठत नाही.

धूर

भोकाच्या तोंडाशी धुराचे दोन-तीन झोत, दोन-तीन मिनिटे थांबणे, मग पहिला घाव. लोक उलटे करतात: आधी घाव, मग घाबरून धुराचा लोट. धूर तळहातावर गार लागला पाहिजे. गरम धुराने पंख भाजतात. एक माशी चावली की पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो इतरांना हल्ल्याचा इशारा असतो, म्हणून चाव्याच्या जागी लगेच धूर द्या. नांगी नखाने खरवडा किंवा ओढा, पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची, कारण तुटलेली नांगी विष सोडत राहते. श्वास लागणे, ओठ सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर यांपैकी काहीही दिसले तर काम तिथेच सोडून दवाखाना गाठा.

पोळी बांधताना

पोळे वरून, जिथे छताला चिकटलेले असते तिथून कापा आणि सपाट फळीवर झेला. वरचा पट्टा मधाचा, त्याखाली परागाची कमान, खाली पिलावा. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक इथे होते: मधाचा पट्टाही पेटीतल्या लाकडी चौकटीत बांधला जातो. सुटलेले जड पोळे स्वतःचे वजन पेलत नाही. पेटी उचलताना ते कोसळते आणि माश्या, कधी राणीही, मधात बुडून मरतात. मध ताबडतोब झाकणाच्या डब्यात टाका. या भिंतीवर कधीही फवारा मारलेला असेल तर तो मध खाऊ नका, माश्यांनाही देऊ नका.

पिलाव्याचा तुकडा चौकटीच्या आतल्या मापाने कापा. वरची कड सरळ करून चौकटीच्या वरच्या पट्टीला भिडवा आणि सुती दोऱ्याचे तीन वेढे किंवा रबरबँड घाला. वरची बाजू वरच राहू द्या. कोष (पोळ्यातली षटकोनी घरे) किंचित वर कललेले असतात. काही दिवसांत माश्या मेणाने सांधा भरतात आणि दोरा कुरतडून दाराबाहेर टाकतात. पिलाव्याच्या चौकटी पेटीच्या मध्यभागी सलग ठेवा, तुकडे उन्हात पसरून ठेवू नका.

राणी बहुधा पोकळीच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात पळते. सापडली तर पिंजऱ्यात घालून पेटीत ठेवा, बाकीच्या मागून येतात. सापडली नाही तर पेटीचे दार बघा. माश्या दारात पोट उंच करून जोराने पंख हलवत असतील तर राणी आत आहे. घोस पुन्हा भिंतीत जमत असेल तर ती तिकडेच आहे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या ओढीने बऱ्याच माश्या मरतात.

पेटी दुपारीच उचलणे

पेटी अंधार पडेपर्यंत जुन्या भोकापाशीच ठेवा, नाहीतर चाऱ्याला गेलेल्या माश्या मागे राहतात. मग दाराला जाळी लावा आणि किमान ५ किलोमीटर दूर न्या. सातेरीचा पल्ला याहून कमी असतो. गल्लीच्या टोकाला ठेवलेल्या पेटीतल्या माश्या दुसऱ्या दिवशी जुन्या भिंतीवर हजर होतात.

सातेरी त्रास झाला की अख्खी वसाहत घेऊन निघून जाते. सुरुवातीचे चार-पाच दिवस दाराला राणी-फाटक लावा, म्हणजे कामकरी जाऊ शकतील पण राणी नाही अशी अरुंद फटींची पट्टी. जास्त दिवस ठेवले तर नर अडकून दार तुंबते. संध्याकाळी पेटीच्या आत साखर आणि पाणी समभाग असा पाक द्या, बाहेर थेंबही सांडू नका, लूटमार सुरू होते. पेटी आठवडाभर उघडू नका. मग कोषांच्या तळाशी उभी अंडी दिसली तर राणी सुखरूप आहे. भुईमुगाच्या शेंगेसारखे कोष लोंबत असतील तर राणी गेली आणि माश्या नवी घडवताहेत; ते कोष मोडू नका.

भिंत फोडता येत नसेल तर

भोकावर बारीक जाळीचा शंकू लावतात. सुमारे ३० सेंटीमीटर लांब, टोकाला माशीपुरती वाट. माशी बाहेर पडते, परत शिरू शकत नाही, आणि शेजारच्या पेटीत जाते. त्या पेटीत उघड्या (मेणाने न झाकलेल्या) पिलाव्याची एक चौकट हवीच, रिकाम्या पेटीकडे कोणी वळत नाही. बाकी सगळ्या फटी बंद हव्यात. शंकू दोन आठवड्यांत काढणे ही नेहमीची घाई. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून चार ते सहा आठवडे धरा. राणी सहसा आतच राहते. शेवटी शंकू काढून पेटीतल्या माश्यांना आतला मध लुटू द्या, मगच भोक बुजवा.

नुसते भोक बुजवणे

मेण खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा, पोकळी पूर्ण भरा आणि झरोक्यांना ३ मिलिमीटरची जाळी लावा. वास उरला तर पुढच्या हंगामात नव्या थव्याच्या टेहळणी माश्या तीच जागा शोधून काढतात.

आठवडाभर काही माश्या भिंतीपाशी घोटाळतील. त्यांचे मागचे पाय बघा. पाय रिकामे असतील तर त्या जुनी वाट न विसरलेल्या, किंवा सांडलेला मध शोधणाऱ्या. पायांवर परागाचे गोळे घेऊन कोणी फटीत शिरताना दिसली, तर आत अजून पिलावा वाढतो आहे आणि भिंत पुन्हा उघडावी लागेल.