ॲक्सिलरोमीटरच्या नोंदीतून पुलाचं विस्थापन कसं काढावं

पुलावरून ट्रक गेला की गर्डर किती मिलिमीटर हलला? मोजपट्टी टेकवायला खाली स्थिर जागा हवी, आणि खाली तर नदी आहे. म्हणून गर्डरलाच ॲक्सिलरोमीटर लावतात, त्वरण नोंदवतात आणि दोनदा इंटिग्रेशन करून विस्थापन काढतात: त्वरणातून वेग, वेगातून विस्थापन.

अडचण दुसऱ्या इंटिग्रेशनला कळते. समजा, सेन्सरच्या शून्यात फक्त १ मिली-जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण, मिली-जी त्याचा हजारावा भाग), म्हणजे ०.००९८ मीटर प्रति सेकंद वर्ग, इतकी चूक आहे. विस्थापनात ती वेळेच्या वर्गाने वाढते. १० सेकंदांत जवळपास अर्धा मीटर, एका मिनिटात साडेसतरा मीटर. पुढची बहुतेक खटपट ही चूक आवरण्यासाठीच आहे.

सेन्सर तपासा आणि घट्ट बसवा. मेम्स प्रकारच्या (चिपवर कोरलेल्या सूक्ष्म यंत्रणेच्या) सेन्सरला गुरुत्वाकर्षण जाणवतं, त्याचा फायदा घ्या. सेन्सर सपाट जागी ठेवून वाचन घ्या, मग उलटा करून घ्या. एकदा +१ जी, एकदा −१ जी यायला हवं. दोन वाचनांची सरासरी म्हणजे शून्याची चूक; फरकाचा अर्धा भाग म्हणजे १ जी ला सेन्सर किती दाखवतो ते. दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका. बसवताना फोमची चिकटपट्टी वापरू नका, ती स्प्रिंगसारखी वागते. बोल्ट किंवा कडक इपॉक्सी बरं.

नोंद घ्या. बहुतेक पुलांसाठी सेकंदाला १०० ते २०० वाचनं पुरतात. ट्रक यायच्या आधीची आणि गेल्यानंतरची शांत वेळही नोंदीत हवी. नोंदीच्या सुरुवातीची आणि शेवटची काही सेकंदं पुढे लावायच्या फिल्टरमुळे बिघडतात, ती नंतर कापावी लागतात.

सरासरी वजा करा, मग स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे याचा आलेख, पाहा. इथे घाई नको. पुलाची पहिली नैसर्गिक वारंवारता स्पेक्ट्रममध्ये ठळक शिखर म्हणून दिसते; ती २ हर्ट्झ आहे असं धरू. हाय-पास फिल्टरची (ठरावीक सीमेखालच्या वारंवारता कापणाऱ्या फिल्टरची) सीमा तिच्या बऱ्याच खाली ठेवा, उदाहरणार्थ ०.५ ते १ हर्ट्झ. फार खाली नेली तर वाहत जाणारी चूक परत येते, फार वर नेली तर खरी हालचालच कापली जाते. हा आकडा दुसऱ्या पुलावरून उचलू नका. फिल्टर एकदा पुढून आणि एकदा मागून चालवा, म्हणजे लाटा वेळेत सरकत नाहीत.

इंटिग्रेट करा, फिल्टर करा, पुन्हा इंटिग्रेट करा, पुन्हा फिल्टर करा. इंटिग्रेशनला समलंब नियम (लागोपाठच्या दोन वाचनांमधलं क्षेत्रफळ समलंब चौकोन धरून मोजणं) पुरेसा आहे.

हाताने पडताळा. एकाच वारंवारतेच्या कंपनात विस्थापन = त्वरण ÷ (२π × वारंवारता)². २ हर्ट्झला भाजक १५८ येतो. त्वरणाचं शिखर ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर विस्थापन सुमारे ०.६३ मिलिमीटर. प्रोग्रॅमने ६ मिलिमीटर दाखवले तर एककं तपासा. जी आणि मीटर प्रति सेकंद वर्ग यांची गल्लत झाली की उत्तर ९.८१ पटीने चुकतं. त्याच ०.१ त्वरणाला ०.२ हर्ट्झवर विस्थापन ६३ मिलिमीटर होतं. कमी वारंवारतेचा गोंगाट इतका त्रास का देतो, ते या दोन आकड्यांत दिसतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती रिकाम्या पुलाची चाचणी. वाहन नसताना तेवढ्याच वेळेची नोंद घ्या आणि याच सगळ्या पायऱ्यांतून काढा. जे 'विस्थापन' येईल, तो तुमच्या पद्धतीच्या चुकीचा अंदाज. ट्रकचं उत्तर त्याहून बरंच मोठं नसेल तर ते अहवालात लिहू नका.

एक गोष्ट मात्र या मार्गाने मिळतच नाही. ट्रक ५ सेकंदांत पूल ओलांडतो तेव्हा गर्डर हळूच दबतो आणि वर येतो. ही हालचाल साधारण ०.२ हर्ट्झची, म्हणजे फिल्टरसोबत ती गेली. भूकंपानंतर खांब कायमचा सरकला असेल तर तेही दिसणार नाही. शिवाय आडव्या दिशेच्या सेन्सरला ०.१ अंशाचा कल ०.०१७ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणासारखा भासतो. उंच खांबावर खरं सरकणं आणि नुसतं झुकणं यांची सरमिसळ होते. अशा वेळी जीपीएस किंवा कलमापक जोडीला घ्या, आणि शक्य असेल तिथे निदान एका गाळ्याखाली मचाण बांधून एलव्हीडीटीने (विस्थापन थेट मोजणाऱ्या सेन्सरने) मोजलेल्या आकड्याशी उत्तर ताडून पाहा.