हॉटेलची खोली ‘उद्याची’ दिसण्यासाठी: आधी दिवा लपवा

माद्रिदच्या पुएर्ता अमेरिका हॉटेलात (२००५) मजले वेगवेगळ्या वास्तुरचनाकारांना वाटून दिले होते. पहिला झाहा हदीद यांचा. तिथल्या खोलीत भिंत, बाक, टेबल आणि न्हाणीघर एकाच पांढऱ्या अंगातून वळत आल्यासारखे दिसतात, कारण अ‍ॅक्रिलिकचे पत्रे तापवून वळवले आणि सांधे घासून नाहीसे केले. आपल्याकडे हा खर्च लॉबीतल्या काउंटरपुरताच झेपतो. पण सांधा दिसत नाही आणि दिवा दिसत नाही, एवढं साधलं तरी १२ बाय १४ फुटांच्या साध्या खोलीचं रूप पालटतं.

सांध्यांचं आधी उरकू. भिंतीच्या गोलाईसाठी ६ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, आतल्या पट्ट्या दर ६ ते ८ इंचांवर, आणि दोन्ही थरांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. फर्निचरला फ्लेक्सी प्लाय, म्हणजे सहज वाकणारं प्लायवूड. साधा सनमायका लहान गोलाईवर तडकतो, म्हणून पोस्टफॉर्मिंग प्रतीचा, म्हणजे तापवून वळवता येणारा मागवावा.

खरी कसोटी कोव्हची, म्हणजे छताच्या कडेने दिवा लपवणाऱ्या खाचेची. तिच्यात एलईडीची पट्टी बसते. ही पट्टी आणि छत यांच्यामध्ये किमान ६ इंच मोकळे हवेत. तीनच इंच सोडले की कडेला झगझगीत पट्टा उमटतो आणि खोलीचा मधला भाग अंधारा राहतो. पुढची कड पट्टी झाकेल इतकीच, दीड-दोन इंच. छताला मॅट रंगच द्यावा. चकचकीत रंगात लपवलेली पट्टी आरशात दिसावी तशी दिसते.

पट्टी २४ व्होल्टची, सीओबी प्रकारची (दिवे इतके दाट की वेगळे ठिपके दिसत नाहीत), ३००० केल्विन म्हणजे उबदार पिवळसर उजेडाची, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर. १२ व्होल्टची स्वस्त मिळते, पण हिशेब करून पाहा. भिंतीलगत फिरवलेला कोव्ह साधारण १६ मीटर होतो. मीटरला १० वॉट धरले तर १६० वॉट. त्याचे दोन भाग करून प्रत्येकी ८० वॉटला १०० वॉटचा ड्रायव्हर (घरच्या विजेचे २४ व्होल्ट करून देणारा डबा) द्यावा, म्हणजे ड्रायव्हर सतत पूर्ण भारावर चालत नाही. आता ड्रायव्हरपासून पट्टीपर्यंत १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर १० मीटर गेली, तर २४ व्होल्टवर सुमारे पाऊण व्होल्ट गळतो, म्हणजे ३ टक्के. तेवढेच वॉट १२ व्होल्टवर नेले तर दीड व्होल्ट जातो, १३ टक्के. उजेड उघडच मंदावतो. पट्टीच्या आतही अशीच गळती होते, म्हणून ५ मीटरपेक्षा लांब सलग तुकडा एकाच टोकाने जोडू नये. प्रत्येक भाग ४-४ मीटरचे दोन तुकडे करून समांतर जोडावा.

पट्टी पीओपीवर थेट चिकटवली की काही महिन्यांत लोंबते. धुळीवर गोंद धरत नाही, शिवाय उष्णता बाहेर पडायला वाट नसते. म्हणून आधी अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल, मग रंगकाम, शेवटी पट्टी. कापायची ती खुणेवरच, आणि जोड डाग देऊन. क्लिपचे जोड सैल पडतात. कोकण किनाऱ्यावर उघडे डाग खाऱ्या हवेत हिरवे पडतात, तिथे वरून हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी) नळी हवीच.

ड्रायव्हर फॉल्स सीलिंगमध्ये कोंडू नका. उष्णतेने आतले कपॅसिटर सुकतात आणि मग छत फोडावं लागतं. कपाटाच्या माथ्यावर, हवा खेळेल अशा जागी, फूटभर झाकणामागे ठेवा. सगळ्या खोल्यांची पट्टी एकाच बॅचची घ्यावी आणि ५ टक्के जादा ठेवावी. पुढच्या वर्षी आणलेला तुकडा शेजारच्याशी रंगाने जुळत नाही आणि ते दारातूनच कळतं.

जांभळ्या-निळ्या उजेडाचा मोह बारपुरता ठेवा. खोलीत त्यात माणूस आजारी दिसतो आणि जेवण शिळं. न्हाणीघराच्या आरशामागे उजेड दिला तरी चेहरा अंधारातच राहतो, त्यामुळे आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लागतात. तिथे आयपी६५ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित) पट्टी आणि आरशामागे धुकं घालवणारा पॅड.

पलंगाखाली मीटरला १-२ वॉटची पट्टी, हालचाल टिपून ती लावणाऱ्या सेन्सरचं तोंड जमिनीकडे. ते खोलीकडे वळवलं तर एसीच्या वाऱ्याने पडदा हलला तरी दिवा लागतो.

टच पॅनलने पाहुणे चिडतात: मध्यरात्री काचेवर चाचपडत बसायला कोणालाच आवडत नाही. उशाशी दाबता येणारी तीन बटणं द्या: ‘सगळं बंद’, ‘वाचन’, ‘रात्र’. वायफाय गेलं तरी ती चालली पाहिजेत. फ्रीज आणि चार्जिंगचा सॉकेट की-कार्डच्या (जे काढलं की खोलीची वीज जाते) बाहेरच्या सर्किटवर.

छत बंद करण्याआधी सगळे दिवे २४ तास चालू ठेवा. डिमर निम्म्यावर आणून मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकले तर डिमर बदला. मग एक खोली पूर्ण करून रात्री पडदे ओढून, सगळं बंद करून पलंगावर पडून राहा. टीव्हीचा, पॅनलचा, ड्रायव्हरचा जो जो ठिपका डोळ्यांत येईल, त्यावर काळी चिकटपट्टी लावा आणि तेच बाकीच्या खोल्यांच्या यादीत लिहा.