शिकतानाच शैक्षणिक कर्ज हलकं करा

बँकेचं शैक्षणिक कर्ज साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने फेडायला सुरुवात होते. व्याज मात्र पहिला हप्ता कॉलेजला पोचताच चढू लागतं. चार वर्षं दरवर्षी १ लाख घेतले आणि दर १० टक्के धरला, तर सरळ व्याजाने पदवीपर्यंत १ लाख आणि त्यानंतरच्या, हप्ते नसलेल्या वर्षाचे ४० हजार साठतात. ते मुद्दलात मिळतात आणि तुमचा ईएमआय, म्हणजे मासिक हप्ता, ५ लाख ४० हजारांवर मोजला जातो.

म्हणून आधी व्याज भरा. पहिल्या वर्षी ते महिन्याला सुमारे ८३४ रुपये, चौथ्या वर्षी ३,३३४. ऑक्टोबर ते मार्च गोव्यात कळंगुट-बागा या पर्यटकांच्या किनारी भागात हंगामी काम मिळतं, त्यातून पुढच्या पावसाळ्याचंही व्याज बाजूला काढता येतं. पण परीक्षेच्या महिन्यात काम नको. एक विषय राहिला तर त्याची किंमत व्याजापेक्षा जास्त.

पैसे बचत खात्यात नव्हे, कर्ज खात्याच्या क्रमांकावर भरा. व्याजापेक्षा जास्त रक्कम असेल तर ‘मुद्दलात वळती करा’ असा लेखी अर्ज शाखेत द्या, पोच घ्या आणि आठवड्याने स्टेटमेंट तपासा. शिकतानाच नियमित व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात सवलत देतात. तेही त्याच भेटीत विचारा.

गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्जही असेल तर ते ठरल्या हप्त्यांनीच फेडा, जादा पैसा बँकेकडे वळवा. शिष्यवृत्ती मिळाली, तर पुढचा हप्ता तेवढा कमीच उचला.