शेवंतीला कळ्याच धरत नाहीत? नागपूरकरांनो, या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या गल्लीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच, शेवंती एवढी हिरवीगार झाली, कमरेपर्यंत आली, पण कळी एक नाही, खत कोणतं टाकू? माझं उत्तर दरवेळी तेच असतं. खत राहू द्या, आधी रात्री दहा वाजता कुंडीजवळ जाऊन उभे राहा आणि बघा की तिच्यावर उजेड कुठून पडतो.

शेवंती रात्र मोजते. तिला सलग लांब अंधार मिळाला तरच ती कळी धरते. नागपुरात जूनच्या शेवटी दिवस जवळपास १३ तास २५ मिनिटांचा असतो, डिसेंबरात तो १० तास ५० मिनिटांवर येतो, आणि हा बदल झाडाला बरोबर कळतो. पण गेटवरचा एलईडी, समोरचा स्ट्रीट लाईट, पोर्चमधला रात्रभर चालू असलेला बल्ब यांनी ती रात्र तुटते आणि झाड पानंच काढत बसतं. फुलं उशिरा यावी म्हणून मोठे शेतकरी मुद्दाम मध्यरात्री काही तास लाईट लावतात, तेच आपण घरी नकळत करतो. माझ्या पिवळ्या शेवंतीच्या दोन कुंड्या एकाच काशीच्या (म्हणजे बुडातून फुटलेल्या रोपाच्या) होत्या, माती एक, पाणी एक, गेटजवळची कोरी राहिली आणि मागच्या अंगणातली इतकी फुलली की पानं दिसेनात, तेव्हापासून मी सप्टेंबरच्या मध्यात सगळ्या कुंड्या मागे नेतो. जागा नसेल तर संध्याकाळी ६ ला खोका किंवा जाड काळा कपडा झाका आणि सकाळी ८ ला काढा, कळीला रंग दिसेपर्यंत रोज, एक दिवस झाकलं आणि तीन दिवस विसरलं असं नको. चांदण्याने काही होत नाही.

दुसरी चूक शेंडा खुडण्याची. काहीजण खुडतच नाहीत, मग एकच काडी उंच जाते आणि वाऱ्याने आडवी होते. काहीजण दिवाळीपर्यंत खुडत राहतात आणि येणाऱ्या कळ्याच हातात घेऊन बसतात. रोप वीतभर झालं की पहिला शेंडा काढायचा, मग फुटवे वाढले की पुन्हा, आणि पोळ्याच्या सुमारास थांबायचं ते थांबायचंच. त्यानंतर युरिया पण बंद, नाहीतर पानंच पानं.

आता नागपूरची खास चूक, कुलरचं पाणी. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण टाकीत पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, तेच खारट पाणी आठवडाभर कुंडीत गेलं की पानांच्या कडा जळतात आणि आपण म्हणतो ऊन लागलं. ते पाणी अंगणात मारा, शेवंतीला नको.

मातीचंही तसंच. आपली काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. एक भाग माती, एक भाग कन्हानची रेती, एक भाग कुजलेलं शेणखत, आणि कुंडी दोन विटांवर ठेवा म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं. जुलैच्या झडीत पाणी साचलं की मुळं सडतात, झाड दुपारी मान टाकतं, आपण ते तहानलं समजून अजून पाणी घालतो आणि ते मरतं. आधी बोट घालून माती बघा. पाणी सकाळी, बुडाशी द्यायचं, वरून पाईप मारला तर खालच्या पानांवर काळे ठिपके पडतात.

थंडीत शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडा, राहिला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते जानेवारीत, फुलं सुकली की लोक कुंडीच फेकून देतात. अहो, शेवंती वर्षानुवर्षं जगणारं झाड आहे! वाळलेल्या काड्या चार बोटं ठेवून कापा, बुडातून नव्या काश्या फुटतील, फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळासकट वेगळ्या करून छोट्या कुंड्यांत लावा. नर्सरीतून आणलेलं बुटकं झाड दुसऱ्या वर्षी उंच झालं तर घाबरू नका, तिथे बरेचदा वाढ रोखणारं औषध मारलेलं असतं, त्याचा असर गेला की झाड आपल्या मूळ उंचीवर येतं, काडीचा आधार द्या. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की कुंड्या ग्रीन नेटखाली किंवा पूर्वेच्या भिंतीशी, जिथे फक्त सकाळचं ऊन येतं तिथे ठेवा, खत अजिबात नको, त्या दोन महिन्यांत झाड फक्त जिवंत ठेवायचंय. जूनचा चांगला पाऊस झाला की उघड्यावर आणा आणि त्याच झाडांचे बोटभर शेंडे कापून ओल्या रेतीत सावलीत खोचा, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात.