रोमन मैलाचा दगड कसा वाचावा

रोमन प्रांतांविषयी जे ग्रंथ उरले आहेत, ते बहुतांशी राजधानीच्या नजरेने लिहिलेले आहेत. रस्त्याकडेला उभारलेला कोरीव मैलाचा दगड मात्र त्या प्रांतातच घडवलेला असतो आणि ज्या सम्राटाचे नाव त्यावर आहे, त्याच्याच कारकिर्दीत तो कोरलेला असतो. म्हणून प्रांताच्या इतिहासासाठी त्याचे मोल फार मोठे आहे. पण हा दगड म्हणजे सत्तेने स्वतःविषयी केलेले जाहीर निवेदन आहे, हे वाचकाने क्षणभरही विसरता कामा नये.

लेखाकडे वळण्यापूर्वी दगड पाहावा. तो बहुधा गोल स्तंभाच्या आकाराचा असतो आणि जमिनीत रोवण्यासाठी त्याचा पाया चौकोनी किंवा ओबडधोबड ठेवलेला असतो. आज तो जिथे आहे तिथेच मुळात उभा होता, असे गृहीत धरू नये. असे कितीतरी दगड पुढे चर्चच्या भिंतींत आणि घरांच्या बांधकामात वापरले गेले. अक्षरे झिजलेली असतील तर प्रकाश एका बाजूने तिरपा पाडावा, शक्य असल्यास ओल्या कागदाचा ठसा घ्यावा आणि दगड सर्व बाजूंनी, दोन्ही टोकांकडून तपासावा.

दोन्ही टोके पाहणे का आवश्यक आहे, हे इंग्लंडमधील कार्लाइलजवळ पेटरिल नदीच्या पात्रात 1894 मध्ये सापडलेल्या दगडावरून कळते. त्याच्या एका टोकाला कारौसियसचे नाव आहे. या सेनानीने इ. स. 286 च्या सुमारास रोमशी फारकत घेऊन ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट घोषित केले आणि 293 मध्ये त्याचा खून झाला. पुढे तोच दगड उलटा करून दुसऱ्या टोकावर कॉन्स्टंटाइनचे नाव कोरले गेले, तेही तो अद्याप ‘सीझर’ म्हणजे कनिष्ठ सम्राट असतानाचे, म्हणजे 306-307 मधले. उलटा केल्यामुळे कारौसियसचा लेख जमिनीत गेला आणि बचावला. त्याची सत्ता हेड्रियनच्या भिंतीच्या, म्हणजे ब्रिटनच्या उत्तरेकडील रोमन सीमाभिंतीच्या परिसरापर्यंत मानली जात होती, याचा इतका थेट कोरीव पुरावा दुसरा नाही.

यानंतर सम्राटाची बिरुदावली वाचावी, कारण कालनिर्णय तिच्यावरच उभा असतो. ‘ट्रिब्यून’चा, म्हणजे मुळात सामान्य जनतेच्या प्रतिनिधीचा अधिकार सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळे आणि त्याचा क्रमांक लेखात दिलेला असतो, त्याच्या जोडीला कॉन्सलपद (रोमचे वर्षभराचे सर्वोच्च पद) किती वेळा भूषवले आणि विजयाची कोणती बिरुदे मिळाली, हे पडताळून पाहावे. सम्राट ट्रेजनच्या नावापुढे पंधरावा ट्रिब्यून-अधिकार आणि पाचवे कॉन्सलपद असेल, तर तो लेख डिसेंबर 110 ते डिसेंबर 111 या काळातला ठरतो.

नेमका हाच मेळ अरेबिया प्रांतातील (मुख्यतः आजचा जॉर्डन) ‘व्हिया नोव्हा’, म्हणजे ‘नवा रस्ता’, या रस्त्यावरच्या दगडांवर आढळतो. तिथले नबातियन राज्य 106 मध्ये साम्राज्यात सामील झाले. त्यानंतर पाच वर्षांनी हे दगड सांगतात की, ट्रेजनने अरेबियाला प्रांताचे रूप देऊन, सीरियाच्या सीमेपासून तांबड्या समुद्रापर्यंत, प्रांताधिपती गायस क्लॉडियस सेव्हेरस याच्यामार्फत नवा रस्ता खुला केला आणि फरसबंद केला. सीमा, समुद्र, अधिकारी आणि वर्ष इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा पुरावा मिळणे कठीण आहे. तरीही ‘नवा’ हा दावा जसाच्या तसा स्वीकारू नये, कारण रस्त्याचा बराच भाग जुन्याच वाहत्या मार्गावरून जातो. शिवाय ज्या राजांचे राज्य संपले, त्यांचा दगडावर उल्लेखसुद्धा नाही.

बांधणी कोणी केली, हेही शोधावे. रुमानियातील ऐटोन येथील 108 च्या दगडावर पोताइस्सापासून नापोकाच्या दिशेने दहा मैल असे अंतर दिले आहे आणि काम करणाऱ्या स्पेनी पथकाचे नावही आहे. डेशिया (आजच्या रुमानियातला प्रदेश) जिंकल्यावर अवघ्या दोन वर्षांत लष्कर तिथे रस्ते बांधत होते आणि ही दोन्ही ठिकाणे नावानिशी ओळखली जात होती, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते.

अंतर नकाशावर मोजून पाहावे. रोमन मैल सुमारे 1,480 मीटरचा असतो. पण गॉल (मुख्यतः आजचा फ्रान्स) आणि जर्मानिया प्रांतांत दुसऱ्या शतकापासून ‘ल्यूगा’ हे दीड मैलाचे स्थानिक माप दगडांवर दिसू लागते. आकड्याजवळचे मापाचे अक्षर न पाहता मोजणी केली, तर सगळा हिशेब चुकतो. अंतर कोणत्या नगरापासून मोजले आहे, हे कळले की त्या नगराचे प्रशासकीय क्षेत्र कुठवर पसरले होते, याचाही अंदाज बांधता येतो.

तिसऱ्या शतकातील दगड वाचताना विशेष सावध राहावे. सम्राटाचे नाव कर्ता म्हणून आले असेल, तर कामाची नोंद असण्याची शक्यता अधिक. ते चतुर्थीत, म्हणजे ‘सम्राटास’ अशा अर्थाने आले असेल, तर तो बहुधा निष्ठेचा अर्पणलेख असतो आणि त्या वेळी रस्त्याची खरोखर दुरुस्ती झाली होती, असे केवळ त्यावरून म्हणता येत नाही. माझ्या मते अशा दगडांचा खरा उपयोग राजकीय इतिहासासाठी आहे. पोस्टुमस किंवा टेट्रिकस यांची नावे ब्रिटनमधील दगडांवर सापडतात, याचा अर्थ तो प्रांत तेव्हा गॉलमधल्या बंडखोर सम्राटांना मानत होता. खरवडलेली नावेही तितकीच बोलकी असतात. 211 च्या अखेरीस सहसम्राट गेटाचा खून झाल्यावर त्याचे नाव दूरदूरच्या प्रांतांतील लेखांवरूनही छिन्नीने काढून टाकले गेले.

शेवटी आपले वाचन प्रकाशित पाठाशी ताडून पाहावे. लॅटिन लेखांच्या बर्लिनच्या महासंग्रहाचा सतरावा खंड मैलाच्या दगडांसाठीच राखलेला आहे. त्यातील चौकोनी कंसांतली अक्षरे दगडावरून नष्ट झालेली आणि संपादकाने भरून काढलेली असतात, तर गोल कंसांत संक्षेपांचा विस्तार असतो. एखाद्या निष्कर्षाचा सारा भार चौकोनी कंसांतल्या शब्दांवरच असेल, तर त्याच रस्त्यावरचा दुसरा दगड दुजोरा देईपर्यंत तो निष्कर्ष तात्पुरताच मानावा.