गणपतीनंतर, दिवाळीआधी: महामार्गाच्या कडेचं गवत आणि कचरा

आधी कचरा, मग गवत. उंच गवतात लपलेली प्लास्टिकची बाटली पात्याखाली आली की तिचा चुरा होतो आणि तो वेचण्यात सगळा दिवस जातो. कापल्यावर तळाचा कचरा उघडा पडतोच, म्हणून कटरच्या (गवत कापायच्या पेट्रोल यंत्राच्या) मागे त्याच दिवशी दोन माणसं गोणी घेऊन पुन्हा फिरवायची.

मुंबई-गोवा महामार्गावर काम धरायचं ते चाकरमानी परतल्यावर, पण गवत वाळायच्या आत. पुढे आग लागायला विडीचं एक थोटूकही पुरतं. परवानगीचं पत्र योग्य दारी द्या: पनवेल ते इंदापूर (माणगावजवळचं, पुण्याचं नव्हे) राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, त्यापुढे झारापपर्यंत सार्वजनिक बांधकामचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. ग्रामपंचायतीशी कचरागाडीची वेळही आधीच ठरवा, नाहीतर भरलेल्या गोण्या रात्री गुरं फाडतात. नव्या रोपांशेजारी लाल चिंधीची काठी रोवा. गवतात ती दिसत नाहीत आणि पहिली तीच कापली जातात.

कटरच्या पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिलि टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, अंदाजाने नाही. क्रॅश बॅरियर आणि किलोमीटरच्या दगडांभोवती नायलॉन दोरी. घाणेरी, रानमोडीला लोखंडी पातं. कटरपासून १५ मीटरच्या आत कोणी नको.

आता दिशा, इथेच जास्त चुका होतात. कचरा वेचणारे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालतात. कटरवाल्याचं मात्र उलटं. सरळ दांड्याच्या बहुतेक कटरचं पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे समोरचा खडा डावीकडे उडतो. डाव्या कडेला काम करताना रस्ता त्याच्या उजव्या हाताला हवा, म्हणजे गाड्या पाठीमागून येणार. कानाला मफ असल्याने हॉर्न ऐकू येत नाही. म्हणून शिट्टीबरोबर लाल झेंडा घेतलेला माणूस गाड्यांकडे तोंड करून हवाच, आणि त्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही.

कापलेलं गवत गटारात किंवा मोरीच्या तोंडाशी लोटू नका, परतीच्या पावसात पाणी रस्त्यावर येतं. पिवळट पाण्याच्या (बहुधा लघवीच्या) बंद बाटल्या उघडायच्या नाहीत, तशाच गोणीत. सुया जाड डब्यात. फुरसं दगडाखाली बसतं, तेव्हा आधी काठी, मग चिमटा, हात नाहीच.

आवरताना शंकू शेवटच्या टोकापासून उचलत या. ‘पुढे काम चालू’चा फलक सगळ्यात शेवटी.