कॅबरने निवडताना प्रदेश आणि अल्कोहोलचं प्रमाण बघा

कॅबरने सोव्हिन्यॉन ही त्याच नावाच्या द्राक्षांची रेड वाइन. ही द्राक्षं लहान, जाड सालीची. म्हणूनच ही वाइन गडद आणि जिभेला तुरट लागते. पण सगळ्या कॅबरने सारख्या नसतात, त्यामुळे घेण्याआधी लेबल नीट वाचाच. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मेदॉक भागातली वाइन बहुधा मर्लो या दुसऱ्या द्राक्षाच्या वाइनसोबत मिसळलेली असते. ती संयत, आंबटसर असते, आणि तिच्यात काळ्या करंट या छोट्या फळाचा व देवदाराचा गंध येतो. कॅलिफोर्नियातल्या नापाची जास्त पिकलेली, भरदार. अल्कोहोल अनेकदा 14 टक्क्यांच्या वर. ऑस्ट्रेलियातल्या कूनावारात पुदिन्याची झाक सापडते. ढोबळी मिरचीसारखा वास आला तर वाइन खराब समजू नका, तो या द्राक्षाचाच गुण आहे; कमी पिकलेल्या फळात तो जास्त जाणवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड युरोपातला. आपल्याकडे उन्हाळ्यात 32 अंशांवर तीच कॅबरने नुसती दारूसारखी झोंबते. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवा. 16 ते 18 अंश उत्तम. नवी, कडक वाइन असेल तर तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा. सोबत भाजलेलं मटण किंवा जुनं चेडार चीज घ्या, तुरटपणा मवाळ होतो. झणझणीत रश्शाबरोबर मात्र ही वाइन टाळाच.